तिकडं आगाऊ, इकडं शिष्ट

काकूंना सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बेळगावात नर्सिंग केलं, जर्मन शिकले आणि गेल्या वर्षापासून दक्षिण जर्मनीतल्या एका गावात रुग्णालयात नोकरी करते. काम जमतंय, माणसं जमत नाहीत. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटला मी मायेनं 'ओमा' म्हणजे आजी म्हटलं, तर सीनियर बाईंनी बाजूला घेऊन झापलं. मधल्या सुट्टीत सगळ्यांसाठी पोह्यांचा डबा नेला आणि एकीला तीनदा आग्रह केला, तर ती 'मी नको म्हणाले ना' असं तोडून बोलली. कॉफीला बोलावणाऱ्या मैत्रिणीनं स्वतःच्याच कपाचे पैसे दिले. एका रविवारी मिक्सर लावला, व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, तर संध्याकाळी पत्रपेटीत शेजाऱ्याची चिठ्ठी: 'कृपया इमारतीचे नियम वाचावेत.'

बरं, हे सगळं गिळून शिकले म्हणावं, तर गणपतीला गावी आले तेव्हा उलटंच झालं. रात्रपाळ्या आणि प्रवास करून आलेली, दुपारी झोपले होते. थोरले काका अचानक आले. मी उठून एवढंच म्हटलं, 'काका, एक फोन करून आला असता तर बरं झालं असतं.' काका चहा न घेता गेले. तेव्हापासून आई म्हणते, तिकडं जाऊन शिष्ट झालीस. तिकडं मी आगाऊ, इकडं शिष्ट. मी नक्की कुठल्या रीतीनं वागायचं?

ता. क. पुढच्या वेळी वॉर्डातल्या सगळ्यांसाठी कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, न्यावा म्हणते.

— एक परिचारिका


बाळ, तू एकच रीत मागतेयस. खानापूरकडच्या पोरीनं एकच रीत मागावी याचं मला नवल वाटलं. जरा आठवून बघ. सकाळी घरात आजीशी मराठी. बसमध्ये कंडक्टरशी कानडी, तीसुद्धा वाक्याच्या शेपटीला 'री' लावून, नाहीतर तो तोंड वाकडं करणार. बेळगावात आलीस की खडेबाजारात बांगडीवाल्या चाचांशी आपली मोडकीतोडकी हिंदी. लोंढ्याकडची मैत्रीण असेल तर तिच्या घरी कोकणी कानावर. लिंगायत शेजाऱ्यांकडं डब्यातून काय न्यायचं आणि काय अजिबात न्यायचं नाही, हे तुला कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं. 'जेवलात काय?' आणि 'ऊटा आतेन्री?' या दोन्ही प्रश्नांना खरं उत्तर द्यायचं नसतं हेही तुला ठाऊक होतं. दारागणिक वागणं बदलणं आपल्या अंगवळणी पडलंय. ते करताना 'मी खरी कोण' हा प्रश्न तुला कधी पडला नाही. मग त्यातलं एक दार जर्मन निघालं तर का पडावा?

फरक आहे, तो मी नाकारत नाही. इथल्या रीती तू कडेवर बसून शिकलीस. चुकलीस तर आजीनं डोळे वटारले, पुढच्या वेळी नीट वागलीस, विषय संपला. तिथं अंगावर गणवेश, जिभेवर परकी भाषा, आणि चूक झाली की समोरचा डोळे वटारत बसत नाही, तोंडावर सांगतो. आपल्याकडं तोंडावर सांगितलं की भांडण सुरू होतं. त्यांच्याकडं भांडण होऊ नये म्हणून तोंडावर सांगतात. माझा भाचा श्टुटगार्टकडं असतो. त्याच्याकडं राहायला गेले होते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई त्याला जिन्यात गाठून सायकल कुठं लावू नये ते सुनावून गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्याच बाईंनी त्याच्या नावाचं पार्सल स्वतःकडं घेऊन ठेवलं आणि वर आणून दिलं, हसतमुखानं. त्यांच्या लेखी काल काही घडलंच नव्हतं. भाचा मात्र पुढं कितीतरी दिवस फुगून होता.

आता जे लिहिणार आहे ते जरा झोंबेल. आपल्या भागातल्या माणसाला 'नियम वाचा' हे वाक्य साधं म्हणून ऐकूच येत नाही. 1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हापासून कुठल्या कचेरीत कुठली भाषा, पाटीवर कुठलं अक्षर वर, जमिनीचा उतारा कुठल्या लिपीत, याच गोष्टी ऐकत आपल्या घराघरांतली पोरं मोठी झाली. सर्वोच्च न्यायालयात 2004 सालापासून सीमेचा दावा आहे; त्यावर मत द्यायला हे सदर नाही आणि मी त्यातली जाणकारही नाही. पण कचेरीच्या खिडकीपलीकडून कुणी 'आधी भाषा शिकून या' म्हटलं की छातीत काय होतं, ते मला माहीत आहे आणि तुलाही. ते सगळं सामानात भरून तू तिकडं गेलीस. म्हणून शेजाऱ्याच्या त्या एका ओळीत तुला खिडकीपलीकडचा माणूस दिसला. त्या बिचाऱ्याला बेळगाव कुठं आहे हेही ठाऊक नसेल. त्याला रविवारी पडून राहायचं होतं, एवढंच.

आणि रविवार हे तिकडं साधंसुधं प्रकरण नाही. तो राज्यघटनेत आहे. 1919 सालच्या वायमार घटनेतलं 139 वं कलम रविवार आणि सणाचे दिवस विश्रांतीसाठी राखून ठेवतं, आणि 1949 च्या आताच्या घटनेनं आपल्या 140 व्या कलमातून ते तसंच पुढं चालू ठेवलं. बहुतेक दुकानं रविवारी बंद दिसतात ती त्यामुळं. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्याकडेच्या मोठ्या डब्यांत टाकायलाही त्या दिवशी मनाई असते, कारण खळ्ळकन आवाज होतो. एरवी रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, आणि काही इमारतींत दुपारी जेवणानंतरचे दोन तासही. भाडेकरारासोबत तुला इमारतीची नियमावली मिळालेली असणार आणि तू ती सहीपुरती उलटली असणार. एक दिवस शब्दकोश घेऊन वाचून काढ. जिना झाडायची पाळी कुणाची, कचऱ्याचा कुठला डबा कधी बाहेर काढायचा, खिडक्या दिवसातून कितीदा सताड उघडायच्या, सगळं त्यात असेल. खिडक्यांवर हसू नकोस. थंडीत बंद घरात वाफ कोंडली की भिंतीला बुरशी धरते, आणि भात-आमटी रोज शिजवणाऱ्या आपल्या घरात वाफ काही थोडी नसते. मिक्सर शनिवारी लावत जा. चटणी दोन दिवस टिकते.

चिठ्ठीला उत्तर मात्र दे. दोन ओळी: माफ करा, मला नियम माहीत नव्हता, पुन्हा होणार नाही. खाली नाव. सोबत खाऊ ठेवू नकोस. लिहिताना माझाच हात अडखळतोय, पण ठेवू नकोस. आत्ता ठेवलास तर त्याला वाटेल, तक्रार केल्याबद्दल हे कसलं बक्षीस, आणि आता आपणही काहीतरी द्यायला हवं. नाताळाच्या दिवसांत दे. तेव्हा घरी केलेल्या बिस्किटांची पुडकी शेजारीपाजारी फिरतच असतात, त्यात तुझे बेसनाचे लाडू खपून जातील.

'ओमा'चं मात्र मला वाईट वाटलं, कारण तुझ्या मनात काही वावगं नव्हतं. आज्जी हा शब्द मराठीत आहे तसा कानडीतही. बेळगावच्या कुठल्याही दवाखान्यात पिकल्या केसांच्या बाईला सिस्टरनं आज्जी म्हटलं नाही, तर तीच विचारेल, कुणाची गं तू, कुठल्या गावची? परक्या माणसाला नात्यात ओढून घेणं हाच आपल्याकडचा मान. तिकडं मान म्हणजे थोडं अंतर राखणं. तुझ्या त्या पेशंटच्या जागी स्वतःला ठेवून बघ. जन्मभर शाळेत शिकवलं असेल, किंवा एकटीनं दुकान चालवलं असेल. आता अंगावर रुग्णालयाचा मागं बांधायचा झगा, हाताला सुई, बाथरूमला जायलाही कुणाचा तरी खांदा. स्वतःचं म्हणावं असं हाताशी राहिलंय ते एक आडनाव. 'फ्राउ' म्हणून तू आडनावानं हाक मारलीस की ती त्या खोलीतही पूर्वीचीच बाई असते. ओमा तिला तिची नातवंडं म्हणतात. परक्या पोरीनं म्हटलं की तिला 'ए म्हातारे' असं ऐकू जातं. तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणातच पेशंटला आजी-आजोबा म्हणू नये असं बजावतात. सीनियर बाई तुझ्यावर डूख धरून बोलल्या नाहीत, त्या त्यांचं काम करत होत्या.

त्यांचं 'झी' आणि 'डू' तुला अवघड जाऊ नये. इंग्रजीतून गेलेल्या पोरांचा तिथं गोंधळ उडतो. आपल्याला मराठीत तुम्ही-तू आहे, कानडीत नीवू-नीनू आहे. पेशंटला कायम झी. वॉर्डातले सहकारी बहुधा एकमेकांना डू म्हणतात, पण 'आपण डू म्हणू या' हे वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्या माणसानं म्हणायचं असतं, तोवर थांब. गंमत बघ, नर्सला तिकडंही पिढ्यान्‌पिढ्या 'श्वेस्टर', म्हणजे बहीण, म्हणत आले. 2004 पासून लागू झालेल्या कायद्यानं पदवीचं नाव बदललं, पण म्हाताऱ्या पेशंटांची जीभ कायद्याला कुठली जुमानते. ते तुला बहीण म्हणतील आणि तू त्यांना आजी म्हणायचं नाही. थोडा अन्यायच आहे. चालवून घे.

माया दाखवायला तिथं दुसऱ्या जागा आहेत. दारावर टकटक करायची आणि लगेच आत न घुसता क्षणभर थांबायचं. अंगाला हात लावायच्या आधी 'आता मी तुमची पाठ पुसते' असं सांगायचं. पाण्याचा ग्लास कुठल्या बाजूला ठेवला तर हात पोचेल ते विचारायचं. मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवायची आपली सवय तिथं लपवाछपवी वाटते, तेव्हा डोळ्यांत बघून बोल. आणि आपली ती मान डोलावण्याची तऱ्हा! ती त्यांना होही वाटत नाही आणि नाहीही. तोंडानं बोलत जा.

आता डब्याकडं येते. तुझ्या सगळ्या पत्राचं मूळ मला त्या पोह्यांत दिसतं.

आपल्याकडं पहिलं 'नको' हिशेबात धरतच नाहीत. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो ते आपण हावरट नाही हे दिसावं म्हणून, आणि तिसऱ्यांदा ताटावर आडवा धरलेला हात जरा सैल सोडतो. पहिल्याच नकोवर जी बाई पातेलं उचलून आत नेते, तिची चर्चा पुढच्या तीन लग्नांत होते. तिकडं पहिलं 'नको' हेच शेवटचं. तुझ्या त्या सहकारणीला भूक नसेल. पोह्यांत शेंगदाणे असतील आणि तिला ते चालत नसतील. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते हे तुला नर्सला मी काय सांगावं. किंवा नुसतंच खायचं नसेल. तिनं सांगितलं, तू ऐकलं नाहीस. पुन्हा सांगितलं, पुन्हा ऐकलं नाहीस. तिसऱ्या खेपेला तिला वाटलं, ही माझ्या बोलण्याला किंमतच देत नाही. तू वाढत होतीस आणि तिला ते दामटणं वाटत होतं.

डबा जरूर ने. टेबलाच्या मधोमध ठेव, त्यात काय काय घातलंय ते एका कागदावर लिही, 'हवं त्यांनी घ्या' म्हण आणि आपलं आपण जेवायला बस. दोन-तीनदा असं केलंस की कुणीतरी चमचा घेऊन येईल आणि मग कृतीही विचारेल. वाढदिवसाला तर तुला मोकळं रान आहे, कारण तिथं ज्याचा वाढदिवस त्यानंच कामावर केक न्यायचा असतो. फक्त दुसऱ्या कुणाला आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस. ते अशुभ मानतात. हो, जर्मन लोकसुद्धा मानतात.

याच गोष्टीची दुसरी बाजू तू पत्रात लिहिली नाहीस. पण तुझ्यासारख्या मुलींची पत्रं वाचून मला ती ओळखू येते, आणि पोह्यांपेक्षा तिचीच मला जास्त काळजी वाटते. जिला दुसऱ्याचं 'नाही' ऐकता येत नाही, तिला स्वतःला 'नाही' म्हणताही येत नाही. डॉक्टर भरभर काहीतरी सांगतात, बोली वळणाच्या जर्मनमध्ये, निम्मं डोक्यावरून जातं, आणि आपण म्हणतो 'या, या', म्हणजे हो, हो. मोठ्या माणसाला 'कळलं नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या सांगण्यात खोट काढणं, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय. शाळेत 'समजलं काय?' विचारल्यावर अख्खा वर्ग 'होऽऽ' म्हणायचा, तो हाच 'हो'. वर्गात तो खपला. औषधाच्या मात्रेत खपणार नाही. एक वाक्य पाठ कर आणि रोज वापर: 'मी काय समजले ते बोलून दाखवते, बरोबर आहे का सांगा.' तिथं याचा कुणी राग धरत नाही. उलट जी कधीच काही विचारत नाही, तिच्याकडं सीनियर लोक जास्त बारीक लक्ष ठेवतात.

आणि सुट्टीच्या दिवशी फोन येतो ना, अमुक आजारी पडली, आज येशील का? आपल्याकडून गेलेल्या पोरी याला हमखास 'येते' म्हणतात आणि मग घरी येऊन रडतात. अगं, त्यांनी विचारलंय, हुकूम सोडलेला नाही. 'आज नाही जमणार' एवढंच म्हण. कारण देऊ नकोस. कारण दिलंस की बोलणं त्या कारणावर सुरू होतं. एका पाळीच्या शेवटापासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत 11 तासांची विश्रांती तिथल्या कायद्यातच आहे, रुग्णालयांत काही अटींवर ती थोडी कमी करता येते एवढंच. सहा तासांहून जास्त काम असेल तर मधली किमान 30 मिनिटांची सुट्टीही तुझ्या हक्काची. ती पोरगी पोह्यांना 'नको' म्हणून मोकळी झाली आणि तुझ्याशी तिचं वैर झालं नाही. तसंच तूही म्हणून मोकळी हो. जमेल तेव्हा मात्र खरंच जा. तुझ्या अडचणीला त्याच मुली उभ्या राहायच्या आहेत.

कॉफीच्या पैशांचं मनाला लावून घेऊ नकोस. तिथं वेटरच विचारतो, एकत्र की वेगवेगळं. बोलावणाऱ्यानं सोबत दिली, पैसे ज्याचे त्यानं. तिनं तुला बोलावलं ही मोठी गोष्ट होती आणि तुझं लक्ष बिलाकडं गेलं. 'ये की एकदा घरी' हे आपल्याकडं बसस्टॉपवरही म्हणतात. तिथं निमंत्रण म्हणजे वार, तारीख, वेळ. रविवारी दुपारी साडेतीनला केक-कॉफी म्हटलं की साडेतीनच. आधी पोचलीस तर खाली एक फेरी मार.

माणसं जमत नाहीत म्हणतेस, तर ती वॉर्डात जमतील अशी फार आशा धरू नकोस. तिकडं ओळखी होतात त्या मंडळांत, ज्यांना ते फेराइन म्हणतात. गाण्याचं, डोंगर चढायचं, हँडबॉलचं, बागकामाचं, लहानशा गावातही चार असतात. वर्षाची वर्गणी किरकोळ असते. दर मंगळवारी त्याच दहा माणसांसोबत उभं राहून गायचं, न बोलताही चालतं, आणि काही महिन्यांनी त्यातलं कुणीतरी घर बदलायला मदतीला येतं. आपल्या लोकांच्या मंडळातही जा, गणपती-दिवाळी तिथं कर. तिथं धारवाडची किंवा हुबळीची एखादी भेटली आणि तिनं 'बर्री', म्हणजे या, म्हणून खुर्ची पुढं केली, तर तुला इथं कधी आलं नव्हतं इतकं भरून येईल, बघशील. पण सगळेच शनिवार-रविवार आपल्याच माणसांत घालवलेस, तर तुझं जर्मन हॉस्पिटलपुरतं राहील.

एक सावधगिरी. प्रत्येक गोष्ट रीतीच्या खात्यावर मांडू नकोस. नियम सगळ्यांना सारखा लागतो का, हे आधी बघ. शेजारच्या जर्मन माणसाच्या ड्रिलला रविवारी कुणी काही बोललं नाही आणि तुझ्याच मिक्सरवर चिठ्ठी आली, तर त्या चिठ्ठीचा अर्थ वेगळा. पेशंटनं किंवा सहकाऱ्यानं तुझ्या रंगावरून, देशावरून, देवावरून बोलणं ही कुठल्याच देशाची रीत नाही. तिथं समजूतदारपणा दाखवू नकोस. दिवस-वेळ लिहून ठेव, वॉर्डप्रमुखांना सांग, रुग्णालयात कर्मचाऱ्यांचं प्रतिनिधी मंडळ असेल तर त्यांच्याकडं जा. 2006 सालचा समान वागणुकीचा कायदा नोकरीच्या जागी तक्रार करायचा हक्क तुला देतो. सीमेवरच्या माणसाचा हळवा कान इथं उपयोगी पडतो, तो अगदीच बुजवून टाकू नकोस.

राहिले काका. इथं मी पूर्णपणे तुझ्या बाजूनं नाही.

तुझं वाक्य जर्मनमध्ये म्हटलं असतंस तर त्यात काडीचं वावगं नव्हतं. मराठीत, गणपतीच्या दिवसांत, उंबऱ्यात उभ्या असलेल्या थोरल्या माणसाला ते 'कशाला आलात' असं ऐकू जातं. ज्या घरात गणपती बसलाय त्या घराचं दार उघडंच असतं. दर्शनाला येणारा फोन करून विचारत नाही, देव आहेत का घरी म्हणून. काका देवाला आले होते. तू झोपलेली असतीस तरी ते हात जोडून, प्रसाद घेऊन, आईशी चार शब्द बोलून गेले असते आणि तुझ्या झोपेचं कौतुकच करून गेले असते, पोरगी दमलीय म्हणून. शिवाय ते दार तुझं नव्हतं, आईचं होतं. तिच्या दारात कोण कसं यावं ते तिनं ठरवायचं. जर्मनीतल्या तुझ्या खोलीच्या दाराला तुझा नियम लाव. तिथं तुझा चुलतभाऊ न सांगता येऊन धडकला, तर त्याला खुशाल सांग.

पण वहिनी, हे तुम्ही वाचत असाल तर तुम्हालाही एक सांगायचंय. पोरगी रात्रपाळ्या करून, विमानात तासन्‌तास अवघडून, पुढं रात्रभराची गाडी धरून घरी आली होती. ती उठून बाहेर येईपर्यंत तुम्ही कुठं होता? 'भाऊजी बसा, ती जरा पडलीय, चहा होईपर्यंत उठेल,' एवढं तुम्ही म्हणाला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. आणि शिष्ट हा शब्द एकदा घरात चिकटला की निघत नाही. ती पगारातून घरी पैसे पाठवते तेव्हा शिष्ट नसते, आणि दुपारी झोपते तेव्हा होते, असं कसं चालेल?

तर बाळ, पुढच्या सुट्टीत आल्या-आल्या काकांच्या घरी जा. फोन न करता. दुपारी चारच्या सुमारास. माफीबिफीचं भाषण करू नकोस, त्यानं ते जास्त अवघडतील. वाकून नमस्कार कर आणि 'काकू, चहा टाका की' म्हणत सरळ स्वयंपाकघरात जा. काकांनी टोमणा मारला, 'आज फोन नाही केलास?', तर हस. ते टोमणा मारतील अशीच मला आशा आहे. न मारता गप्प बसले तर मात्र राग मुरलाय असं समज, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. त्यांना जर्मनीत काय चाललंय ते ऐकायचं असणार. तिथल्या रविवारची गोष्ट सांग, रविवारी बाटल्या टाकायला बंदी असलेला देश त्यांना फार आवडेल.

कुंद्याचं म्हणशील तर नेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आत नेता येत नाहीत. विमानतळावर काढून घेतील आणि तुझ्यादेखत टाकून देतील. त्याऐवजी भाजलेले काजू ने, पाकीटबंद, वर घटक छापलेले असे. आपल्या खानापूर-चंदगडकडचे काजू वॉर्डात कुणाला आवडणार नाहीत असं होणार नाही. आणि टेबलावर ठेवून गप्प बस.